एका इमारतीत लॉगइन होते, दुसऱ्या इमारतीत होत नाही : ओपनएलडॅपचे सिंक अडकल्यास काय तपासावे

एका इमारतीतील प्रयोगशाळेत विद्यार्थ्याचे लॉगइन होते आणि शेजारच्या इमारतीत तेच नाव, तोच पासवर्ड चालत नाही, ही तक्रार गेली आठ-नऊ वर्षे दर प्रवेशाच्या हंगामात आणि दर प्रात्यक्षिक परीक्षेच्या तोंडावर माझ्याकडे येत आली आहे. आमच्या महाविद्यालयात तीन सर्व्हर आहेत. प्रवेश झाला की विद्यार्थ्याची नोंद पहिल्या सर्व्हरवर होते, हा प्रोव्हायडर. उरलेले दोन सर्व्हर त्या नोंदींची प्रत ठेवतात आणि आपापल्या इमारतीतील संगणकांवर येणाऱ्यांची ओळख तपासतात, हे कन्झ्युमर. तिन्हींवर डेबियन ही लिनक्स प्रणाली आणि ओपनएलडॅप, म्हणजे युजरांची नावे, गट आणि पासवर्ड एका डिरेक्टरीत ठेवणारे सॉफ्टवेअर आहे, आणि नोंदी एकीकडून दुसरीकडे नेण्याचे काम सिंकरेपल करते. जुन्या मंडळींच्या बोलण्यात अजूनही मास्टर आणि स्लेव्ह येतात, अर्थ तोच. मात्र हाती लागलेल्या एखाद्या जुन्या टिपणात स्लर्पडी या प्रत पाठवणाऱ्या जुन्या प्रोग्रामचा उल्लेख असेल तर ते टिपण बाजूला ठेवावे, कारण २००७ साली आलेल्या २.४ आवृत्तीपासून स्लर्पडी ओपनएलडॅपमध्ये उरलेलीच नाही.

लक्षणे

तक्रार करणारा "लॉगइन होत नाही" एवढेच सांगतो. नेमके काय होत नाही हे आधी विचारून घ्यावे, कारण लक्षणांतील बारीक फरकावरून निम्मे निदान होते.

नवी नोंद एका इमारतीत दिसते आणि दुसरीकडे आयडी ही आज्ञा "असा युजर नाही" असे उत्तर देते, तेव्हा नोंद कन्झ्युमरपर्यंत पोहोचलेलीच नसते. आयडी आज्ञेला युजर सापडतो, त्याचे गटही बरोबर दिसतात, पण पासवर्ड मात्र नाकारला जातो आणि लॉगमध्ये ४९ हा त्रुटी क्रमांक येतो, तेव्हा नोंद पोहोचलेली असून तिच्यातला पासवर्ड वाटेत गळलेला असण्याची शक्यता मोठी असते. पासवर्ड बदलल्यानंतरही एखाद्या संगणकावर जुनाच चालत असेल तर संशय त्या संगणकावर घ्यावा, सर्व्हरवर नंतर. सर्व्हर रीस्टार्ट केला की सगळे सुरळीत होते आणि काही तासांनी किंवा काही दिवसांनी पुन्हा बंद पडते, हे लक्षण जवळजवळ नेहमी नेटवर्ककडे बोट दाखवते. नव्याने उभारलेल्या कन्झ्युमरवर नोंदींची संख्या एका ठरावीक आकड्यावर येऊन थांबली असेल, तर तो आकडा लिहून ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होतो.

एक लक्षण असेही आहे की ज्यात बिघाड काहीच नसतो. चुकीचा पासवर्ड वारंवार दिल्यामुळे विद्यार्थ्याचे खाते एका इमारतीत लॉक होते आणि दुसरीकडे तो आरामात आत जातो. पासवर्ड पॉलिसीचा, म्हणजे पासवर्डचे नियम लावणारा, ओव्हरले (ओपनएलडॅपला जोडायचा पूरक भाग) चुकलेल्या प्रयत्नांची नोंद ज्या कन्झ्युमरवर प्रयत्न झाला तिथेच ठेवतो. ती प्रोव्हायडरकडे पाठवण्याची वेगळी व्यवस्था केली नसेल तर लॉकही स्थानिकच राहतो. तसेच विद्यार्थ्याने कन्झ्युमरवर थेट पासवर्ड बदलायला घेतला आणि सर्व्हरने ५३ क्रमांकाची त्रुटी देऊन बदल नाकारला, तर तेही योग्यच आहे. प्रतीवर लिहायचे नसते. बदल प्रोव्हायडरकडे वळवणारा अपडेट रेफरल मांडणीत (कॉन्फिगरेशनमध्ये) लिहिलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हात लावण्यापूर्वी

सर्वांत पहिला मोह रीस्टार्टचा होतो आणि तो टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सिंकरेपल सहसा अशा पद्धतीने बसवलेले असते की कन्झ्युमर प्रोव्हायडरशी एक जोडणी उघडतो, मागची थकबाकी वसूल करतो आणि मग तीच जोडणी उघडी ठेवून नव्या बदलांची वाट पाहत बसतो. रीस्टार्ट केल्यावर ही जोडणी नव्याने उघडते, थकबाकी पुन्हा वसूल होते, तक्रार मिटते, आणि बिघाड का झाला याचा पुरावा त्याच क्षणी नाहीसा होतो. पहिल्या वर्षी मी स्वतः रोज रात्री तीन वाजता स्लॅपडी, म्हणजे ओपनएलडॅपचा मुख्य प्रोग्राम, रीस्टार्ट करणारी एक ओळ क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीत) लिहून ठेवली होती आणि वर्षभर तिलाच उपाय समजत होतो. सकाळी प्रवेश घेतलेल्या मुलाला दुपारी लॉगइन का मिळत नाही, याचे उत्तर त्या ओळीकडे अर्थातच नव्हते.

रीस्टार्टऐवजी दोन गोष्टी कराव्यात. तिन्ही सर्व्हरांवर स्लॅपकॅट चालवून आजच्या नोंदींची प्रत फाइलमध्ये काढावी. एमडीबी पद्धतीच्या डेटाबेसवर हे काम सर्व्हर चालू असतानाही सुरक्षितपणे होते. आणि लॉगची पातळी "स्टॅट्स" व "सिंक" अशी करावी, कारण नेहमीच्या पातळीवर सिंकरेपल आपल्या अडचणींबद्दल फारसे बोलत नाही. ही पातळी स्लॅपडी चालू असतानाच कॉन्फिग शाखेत, म्हणजे सर्व्हरची स्वतःची मांडणी जिथे असते तिथे, बदलता येते.

पहिली तपासणी : दोष सर्व्हरचा की संगणकाच्या कॅशेचा

ही तपासणी फुकट आहे. माझ्या अनुभवात बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. प्रयोगशाळेतला संगणक प्रत्येक वेळी सर्व्हरला विचारत नाही. त्यावरची एसएसएसडी ही लॉगइन सांभाळणारी सेवा आपल्याला मिळालेली नोंद जपून ठेवते (हाच कॅशे) आणि तिची मुदत मुळात ५४०० सेकंद, म्हणजे दीड तास असते. सकाळी दहाला एखाद्याला नव्या गटात घातले आणि संगणकाने जुनी नोंद पावणेदहाला घेतलेली असली, तर सव्वाअकरापर्यंत तो जुनेच चित्र दाखवत राहू शकतो. सर्व्हरशी संपर्क तुटलेला असताना जपलेल्या पासवर्डवर प्रवेश देण्याची सोय चालू असेल तर जुना पासवर्डही चालतो. एखाद्या जुन्या संगणकावर एसएसएसडीच्या जोडीला एनएससीडी ही नोंदी जपून ठेवणारी दुसरी सेवाही चालू राहिलेली सापडते. मग कॅशे दुहेरी होतो आणि कोण खोटे बोलत आहे हे कळेनासे होते. अशा ठिकाणी एनएससीडीकडचे युजर आणि गट यांचे काम बंद करावे.

कॅशे बाजूला ठेवण्यासाठी एलडॅपसर्च या शोधाच्या आज्ञेने थेट सर्व्हरला विचारावे. तोच युजर आधी प्रोव्हायडरकडे आणि मग त्या इमारतीच्या कन्झ्युमरकडे, दोन्हीकडे पत्ता स्पष्ट लिहून मागावा. दोघांचे उत्तर सारखे आले तर सिंक निर्दोष आहे. संगणकावरील एसएसएसडीचा कॅशे मोकळा करावा आणि सर्व्हरकडे जाऊच नये. उत्तरे वेगळी आली तरच पुढे वाचावे.

दुसरी तपासणी : दोन्हीकडचे कॉन्टेक्स्ट सीएसएन

प्रत्येक बदलाला ओपनएलडॅप एक क्रमचिन्ह देते, त्याला सीएसएन म्हणतात. शेवटच्या बदलाचे चिन्ह डिरेक्टरीच्या सर्वांत वरच्या नोंदीवर कॉन्टेक्स्ट सीएसएन या नावाने राहते. कन्झ्युमर आपल्याजवळचे चिन्ह प्रोव्हायडरला दाखवतो आणि "यापुढचे द्या" म्हणतो. सगळा व्यवहार एवढ्यावर चालतो. म्हणून दोन्हीकडचे हे चिन्ह वाचून शेजारी शेजारी ठेवणे ही सर्वांत मोलाची तपासणी आहे आणि तिला एक मिनिटसुद्धा लागत नाही. एलडॅपसर्चला व्याप्ती फक्त वरच्या नोंदीपुरती द्यावी आणि कॉन्टेक्स्ट सीएसएन हे नाव मुद्दाम लिहून मागावे. तो व्यवस्थेच्या वापराचा गुणधर्म (नोंदीतला रकाना) असल्यामुळे ते न मागता दिसत नाही, आणि नवखा माणूस ते दिसले नाही म्हणून घाबरतो. मागूनही प्रोव्हायडरवर ते मिळाले नाही तर सिंकप्रोव्ह हा प्रोव्हायडरचे काम करणारा ओव्हरले बसवलेलाच नाही असे समजावे.

चिन्हाचे पहिले चौदा अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद. २०२४०८२१०४१२०७ असे दिसले तर तो २१ ऑगस्ट २०२४ चा ४ वाजून १२ मिनिटे ७ सेकंदांचा बदल आहे, पण ही वेळ ग्रिनिचची आहे. आपल्या घड्याळात तेव्हा सकाळचे ९ वाजून ४२ मिनिटे झालेली असतात. "सर्व्हर साडेपाच तास मागे आहे" अशी धावाधाव मी एकदा केली आहे. पुन्हा कोणी करू नये म्हणून इथे लिहून ठेवतो. चौदा अंकांनंतर येणाऱ्या तुकड्यांत सर्व्हर आयडीही असतो, त्याचे काम पुढे पडेल.

चिन्हे वेगळी असतील तर कन्झ्युमर मागे पडला आहे. तरीही आधी मांडणीत सिंकरेपलचा प्रकार पाहावा. जोडणी उघडी ठेवण्याऐवजी ठरावीक अंतराने विचारण्याचा प्रकार निवडलेला असेल आणि अंतर लिहिलेले नसेल, तर ते एक दिवसाचे धरले जाते. मग सकाळचा बदल दुसऱ्या दिवशी पोहोचणे हा बिघाड म्हणता येणार नाही. चिन्हे एकसारखी असूनही नोंदी कमी दिसत असतील, तर हा घोटाळा वेगळा आहे आणि त्याचे कारण बहुधा परवानग्यांमध्ये असते. त्यासाठी पाचवी तपासणी पाहावी.

तिसरी तपासणी : डिस्क आणि घड्याळ

डिस्क भरली आहे का हे पाहायला काही सेकंद लागतात. "सिंक" पातळीचा लॉग चालू करून विसरलेल्या माणसाची डिस्क हमखास भरते, आणि तो माणूस बहुतेक वेळा आपणच असतो.

घड्याळाकडे अधिक लक्ष द्यावे, कारण सीएसएन वेळेवरून बनते. आमच्याकडे प्रोव्हायडर म्हणून एक जुना सर्व्हर होता. त्याच्या मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली होती आणि कोणाच्या लक्षात आले नव्हते. रविवारी वीज गेली, यूपीएसने दम टाकला, सोमवारी सर्व्हर सुरू झाला तो कित्येक वर्षे मागची तारीख घेऊनच. क्रोनी या घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रामने वेळ दुरुस्त करेपर्यंत कार्यालयाने अकरा विद्यार्थ्यांच्या नोंदी बदलल्या. त्या बदलांना जुन्या तारखेची चिन्हे मिळाली आणि कन्झ्युमरच्या लॉगमध्ये "सीएसएन फार जुने आहे, दुर्लक्ष करत आहे" अशा अर्थाच्या अकरा ओळी उमटल्या. कन्झ्युमरचे वागणे त्याच्या नियमाने बरोबरच होते. वेळ नीट झाल्यावर त्या अकरा नोंदींत कार्यालयाकडून काही किरकोळ बदल पुन्हा करून घेतला, नवी चिन्हे पडली आणि त्या पोहोचल्या. बॅटरी किरकोळ किमतीत मिळाली.

उलटा प्रकार अधिक वाईट असतो. प्रोव्हायडरचे घड्याळ पुढे गेले असताना बदल झाला तर कॉन्टेक्स्ट सीएसएन भविष्यातले पडते आणि घड्याळ सुधारल्यावर होणारा प्रत्येक खरा बदल त्याच्या तुलनेत जुना ठरतो. घड्याळ पाच-दहा मिनिटे पुढे गेले असेल तर तेवढा वेळ थांबावे आणि त्या काळात झालेले बदल पुन्हा करावेत. महिना किंवा वर्ष पुढे गेले असेल तर तिथे थांबून शेवटचा भाग वाचावा.

चौथी तपासणी : जोडणी खरोखर जिवंत आहे का

रीस्टार्टने बरे होऊन पुन्हा बिघडणाऱ्या प्रकाराचे मूळ येथे आहे, आणि माझा सर्वाधिक वेळ याच तपासणीने खाल्लेला आहे, म्हणून ती सविस्तर लिहितो.

कन्झ्युमरवर एसएस या उघड्या जोडण्या दाखवणाऱ्या आज्ञेने ओपनएलडॅपच्या ३८९ किंवा ६३६ या पोर्टची जोडणी पाहावी. ती प्रस्थापित दिसेल. आता तीच जोडणी प्रोव्हायडरवर शोधावी. तिथे ती सापडली नाही तर निदान झाले. दोन इमारतींच्या मध्ये असलेली फायरवॉल बराच वेळ शांत राहिलेली जोडणी आपल्या तक्त्यातून काढून टाकते आणि कोणालाही कळवत नाही. कन्झ्युमरचे काम फक्त ऐकण्याचे असते; तो स्वतःहून काही पाठवत नाही, म्हणून समोरचा माणूस फोन ठेवून गेला आहे हे त्याला कळण्याचा मार्गच नसतो. तो रिकामा रिसीव्हर कानाला लावून बसून राहतो. लॉगमध्येही काही येत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काही चुकलेलेच नसते. दिवाळीच्या सुटीनंतर पहिल्या दिवशी ही तक्रार येते ती यामुळेच: दोन-तीन आठवडे एकही बदल नाही, जोडणीवरून एकही पाकीट गेलेले नाही आणि फायरवॉलने ती कधीच निकालात काढलेली असते.

लिनक्स टीसीपीच्या पातळीवर जोडणीची विचारपूस करू शकते, पण तिची मूळ मुदत ७२०० सेकंद, म्हणजे दोन तास आहे आणि फायरवॉलची सहनशक्ती बहुधा त्याहून कमी असते. सिंकरेपलच्या मांडणीत कीपअलाइव्ह नावाचा पर्याय आहे. त्यात २४०, १० आणि ३० हे आकडे अपूर्णविरामांनी जोडून लिहिले की जोडणी २४० सेकंद शांत राहिल्यावर विचारपूस सुरू होते, उत्तर न आल्यास दर ३० सेकंदांनी असे दहा प्रयत्न होतात आणि मग जोडणी मेली असे ठरते. ही एक ओळ लिहिल्यापासून माझी ती क्रॉनची ओळ कायमची गेली.

याच वेळी रीट्रायचा पर्यायही पाहावा. तो लिहिलेला नसेल तर कन्झ्युमर जोडणी तुटल्यावर दर तासाला एकदाच प्रयत्न करतो, आणि आपण दोष दुरुस्त करूनही अर्धा तास "अजून का नाही" म्हणत बसतो. पहिले दहा प्रयत्न मिनिटामिनिटाने आणि पुढे दर पाच मिनिटांनी न थांबता, एवढी मांडणी आमच्याकडे पुरेशी ठरली आहे.

जोडणी उघडतच नसेल तर पोर्ट बंद आहे किंवा प्रमाणपत्राची मुदत संपली आहे, या दोन शक्यता पाहाव्यात. ओपनएसएसएलने प्रोव्हायडरचे प्रमाणपत्र मागवून त्यावरील शेवटची तारीख वाचावी, आणि मांडणीत लिहिलेले सर्व्हरचे नाव प्रमाणपत्रातील नावाशी जुळते का तेही पाहावे. मुदत संपलेली असताना घाईत प्रमाणपत्राची तपासणीच बंद करण्याचा सल्ला कोणीतरी देतो. तो ऐकू नये. या जोडणीवरून प्रत्येक विद्यार्थ्याचा आणि प्राध्यापकाचा पासवर्ड हॅशच्या रूपात जातो. समोर खरोखर आपलाच सर्व्हर आहे याची खात्री सोडून देणे एका दिवसाच्या सोयीसाठीही परवडणारे नाही.

पाचवी तपासणी : प्रत घेणाऱ्या खात्याला किती दिसते

कन्झ्युमर प्रोव्हायडरकडे एका खात्याच्या नावाने जातो. त्या खात्याला जेवढे दिसते तेवढेच प्रतीत येते आणि जे दिसत नाही ते नाहीच असे धरले जाते. त्रुटी येत नाही, लॉग शांत असतो, कॉन्टेक्स्ट सीएसएनसुद्धा जुळते. या शांततेमुळेच हा दोष सापडायला अवघड जातो.

म्हणून कन्झ्युमरच्या संगणकावर बसून, त्याच खात्याने, त्याच पासवर्डने, एलडॅपसर्च वापरून प्रोव्हायडरकडे एका विद्यार्थ्याची पूर्ण नोंद मागावी. इथेच ४९ आले तर खात्याचा पासवर्ड कोणीतरी बदलला आहे किंवा पासवर्ड पॉलिसीने त्याची मुदत संपवली आहे. अशा सेवा-खात्याला वेगळी पॉलिसी लावावी. नोंद आली पण तिच्यात यूजर पासवर्डची ओळ नसेल तर परवानग्यांच्या नियमांत हे खाते सर्वसामान्य वाचकांत मोडते आहे. ती ओळ आली तर तिच्या नावापुढे दोन अपूर्णविराम आणि मग अगम्य अक्षरे दिसतील. हे केवळ बेस-६४ चे (मजकूर वेगळ्या अक्षरांत लिहिण्याच्या एका पद्धतीचे) रूप आहे, त्याला कुलूप समजू नये आणि मदत मागताना ती ओळ कोणाला पाठवू नये.

परवानगी दुरुस्त केल्यावर बहुतेक जण प्रतीक्षा करतात, आणि काहीच होत नाही. कारण असे की प्रोव्हायडर फक्त शेवटच्या चिन्हानंतर बदललेल्या नोंदी पाठवतो. परवानगी बदलल्याने त्या नोंदींचे स्वतःचे सीएसएन बदलत नाही, म्हणून पासवर्डाविना गेलेल्या नोंदी तशाच राहतात. पाच-दहा नोंदी असतील तर त्यांत किरकोळ बदल करावा. शेकडो असतील तर प्रत नव्याने घ्यावी लागते, ती कशी हे सातव्या तपासणीत आहे.

आता लिहून ठेवलेला आकडा काढावा. तो ५०० असेल तर पुढे काहीही तपासण्याची गरज नाही. ओपनएलडॅप एका शोधाला मुळात जास्तीत जास्त ५०० नोंदी देते आणि मग ४ क्रमांकाची, मर्यादा ओलांडल्याची त्रुटी पाठवते. छोट्या डिरेक्टरीवर ही मर्यादा कधी जाणवत नाही. आमची तिसरी प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हा नवा कन्झ्युमर उभा केला आणि पहिल्या दिवशी अर्ध्या वर्गाचे लॉगइन झाले, उरलेल्या अर्ध्यांचे झाले नाही. नावांत, विभागांत, वर्षांत काही सूत्र सापडेना. दुपारी सहज नोंदी मोजल्या तर बरोबर पाचशे. प्रोव्हायडरवर त्या खात्यापुरती संख्येची आणि वेळेची मर्यादा काढून टाकली आणि चहा येईपर्यंत प्रत पूर्ण झाली. मर्यादेचा त्रास चुकवण्यासाठी प्रत घेण्याचे काम मुख्य प्रशासक खात्यानेच करण्याची वाट काही जण धरतात. ती वाट चालते, पण मग सगळ्या डिरेक्टरीची किल्ली प्रत्येक कन्झ्युमरच्या मांडणीत उघडी पडून राहते.

सहावी तपासणी : स्कीमा, जागेची मर्यादा आणि सर्व्हर आयडी

इथून पुढे मांडणीत हात घालावा लागतो, म्हणून वरचे सर्व झाल्याशिवाय इथे येऊ नये.

प्रोव्हायडरवर संस्थेचा स्वतःचा स्कीमा (नोंदीत कोणते गुणधर्म असू शकतात याची व्याख्या) घातला असेल, उदाहरणार्थ विद्यार्थ्याच्या कायम नोंदणी क्रमांकासाठी वेगळा गुणधर्म, तर तो कन्झ्युमरवर हाताने घालावा लागतो, कारण कॉन्फिग शाखेची प्रत आपोआप जात नाही. तो नसेल तर त्या गुणधर्माची पहिली नोंद आली की कन्झ्युमर ती नाकारतो, पुन्हा मागतो, पुन्हा नाकारतो, आणि एका नोंदीपायी मागची सगळी रांग अडते. लॉगमध्ये "मॉड्स चेक" हे शब्द शोधावेत. पुढे कोणत्या गुणधर्मावर अडले ते लिहिलेले असते.

एमडीबी डेटाबेसला कमाल आकार आधी सांगावा लागतो आणि न सांगितल्यास तो केवळ १०४८५७६० बाइट, म्हणजे १० एमबी धरला जातो. तेवढी जागा भरली की "मॅप फुल" आणि उणे ३०७९२ हा क्रमांक येतो, डिस्कवर शेकडो जीबी मोकळे असले तरी. हा आकडा सढळ हाताने, एक जीबीपर्यंतही वाढवावा. फाइल लगेच तेवढी जागा व्यापत नाही.

दोन्हीकडे लिहिता येते अशी, म्हणजे दोन प्रोव्हायडरांची मांडणी असेल तर सर्व्हर आयडी प्रत्येकाचा वेगळा हवा. व्हर्च्युअल मशीनची क्लोन काढून दुसरा सर्व्हर उभा केला की आयडी तोच राहतो, आणि समोरून आलेला बदल आपलाच आहे असे समजून सर्व्हर तो सोडून देतो. सीएसएनच्या तुकड्यांत जो आयडी दिसतो तो दोन्हीकडच्या बदलांवर वेगवेगळा आहे का, एवढे पाहिले की हे लगेच कळते.

सातवी तपासणी : प्रत नव्याने घेणे

ही खरे तर तपासणी नव्हे, शस्त्रक्रिया आहे. कारण सापडल्याशिवाय ती केली तर नवी प्रतही तेच दुखणे घेऊन येते. कन्झ्युमर कधीही पुन्हा बांधता येतो, पण बांधण्यापूर्वी प्रोव्हायडरवरील नोंदी पूर्ण आहेत याची खात्री मोजून करावी. प्रोव्हायडर अर्धवट बॅकअपवरून उभा केलेला असेल तर तिथे नसलेल्या नोंदी कन्झ्युमरवरूनही पुसल्या जाण्याचा धोका असतो, आणि मग कन्झ्युमरवरची जुनी प्रत हीच शेवटची उरलेली प्रत ठरते. सुरुवातीला तिन्हींवर स्लॅपकॅट चालवायला सांगितले ते यासाठी.

त्या इमारतीतील संगणक तात्पुरते दुसऱ्या सर्व्हरकडे वळवावेत. एसएसएसडीच्या मांडणीत सर्व्हरांची यादी दिलेली असेल तर ते स्वतःच वळतात. कन्झ्युमरवर स्लॅपडी बंद करावी, डेटाबेसच्या फाइल दुसऱ्या ठिकाणी हलवाव्यात, पुसू नयेत. नोंदी काही हजार असतील तर रिकाम्या डेटाबेसवर स्लॅपडी सुरू केली की सिंकरेपल सगळे स्वतः आणते. त्याहून खूप जास्त असतील तर प्रोव्हायडरची स्लॅपकॅट फाइल स्लॅपॲडने भरावी आणि मग सुरू करावी. स्लॅपॲड रूटने चालवल्यास फाइल रूटच्या मालकीच्या होतात आणि स्लॅपडी उभी राहत नाही; डेबियनवर मालकी ओपनएलडॅप या युजरकडे परत द्यावी. यात मी तीनदा फसलो आहे आणि तिन्ही वेळा डेटाबेस खराब झाला असे वाटून घाम फुटला आहे.

प्रत झाल्यावर कॉन्टेक्स्ट सीएसएन जुळवावे, नोंदींची संख्या मोजावी, आणि चाचणीसाठी ठेवलेल्या खात्याचा पासवर्ड प्रोव्हायडरवर बदलून कन्झ्युमरवर त्याच मिनिटाला चालतो का ते पाहावे. लॉगची पातळी परत खाली आणावी.

कुठे थांबावे

प्रोव्हायडरवरच नोंदी गायब असतील तर पहिले काम म्हणजे दोन्ही कन्झ्युमरांचे प्रोव्हायडरशी असलेले नेटवर्क तोडणे, आणि दुसरे काम जाणकाराला फोन करणे. मध्ये तिसरे काही करू नये. प्रोव्हायडर जुन्या बॅकअपवरून उभा केल्यानंतर "कन्झ्युमरची स्थिती प्रोव्हायडरपेक्षा नवी आहे" अशा अर्थाची ओळ लॉगमध्ये आली तरी तेच करावे, कारण तेव्हा कोणत्या बाजूचे खरे मानायचे हा निर्णय प्रत्येक नोंद पाहून घ्यावा लागतो. दोन प्रोव्हायडरांच्या मांडणीत दोन्हीकडे वेगवेगळे बदल साचलेले असतील, भविष्यातल्या तारखेचे सीएसएन पडल्यामुळे स्लॅपकॅटच्या फाइलमधील चिन्हे दुरुस्त करून डिरेक्टरी पुन्हा भरावी लागणार असेल, किंवा स्लॅपडी डेटाबेस उघडताना स्वतःच कोसळत असेल, तर ओपनएलडॅपवर रोज काम करणाऱ्या माणसाचे शुल्क हा खर्च समजू नये. परीक्षा दुसऱ्या दिवशी असेल तर थांबण्याची ही रेषा आणखी अलीकडे ओढावी: एक सर्व्हर नीट चालत असेल तर सगळे संगणक त्याच्याकडे वळवून परीक्षा पार पाडावी आणि सिंक नंतर पाहावे.

जाणकाराला बोलावताना तिन्ही सर्व्हरांचे कॉन्टेक्स्ट सीएसएन, नोंदींची संख्या, ओपनएलडॅपची आवृत्ती, बिघाड सुरू झाल्याची अंदाजे वेळ आणि त्या वेळेच्या आसपासचा लॉग तयार ठेवावा. मांडणीची प्रत देत असाल तर सिंकरेपलच्या ओळीत प्रत घेणाऱ्या खात्याचा पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेला असतो, तो आधी काढून टाकावा. आणि तशी फाइल यापूर्वी कधी कोणाला मेलवर पाठवली असेल, तर तो पासवर्ड आजच प्रोव्हायडरवर आणि दोन्ही कन्झ्युमरांवर बदलावा.